सोलापुरातून स्वतंत्र संगीत लेबल कसे सुरू करावे

लेबल, म्हणजे गाणी मुद्रित करून आपल्या नावाने प्रकाशित करणारी संस्था, काढायचा विचार मनात आला की बहुतेक जण आधी माइक, इंटरफेस आणि भिंतींना लावायच्या फोमच्या किमती काढू लागतात. तो खर्च पुढे ढकलता येतो, कारण स्टुडिओ तासाच्या भाड्याने मिळतो. ध्वनिमुद्रणावरची मालकी आणि ती सिद्ध करणारे सही-शिक्क्याचे कागद हीच लेबलची मालमत्ता असते, आणि ती पहिले गाणे मुद्रित होण्यापूर्वीच उभी करायला घ्यावी लागते.

आधी काय मुद्रित करायचे ते ठरवावे. सोलापूरला गाण्यांचा तुटवडा नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीची भीमगीते, आषाढीला पंढरपूरची वारी, मोडनिंबच्या कलाकेंद्रांतील लावणी, सांगोला-मंगळवेढ्याकडच्या धनगरी ओव्या, सोलापूर शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भजने आणि अक्कलकोटच्या बाजूची कन्नड वचने, असा ऐवज एकाच जिल्ह्यात आहे. त्यामुळेच सगळेच काढण्याचा मोह होतो, आणि पहिली दोन वर्षे तरी तो आवरावा. एका प्रवाहातली दहा-बारा गाणी सलग आली, तर त्या गाण्यांचे श्रोते लेबलचे नाव लक्षात ठेवतात. लावणी, हरिपाठ आणि रॅप एकाच चॅनेलवर आले की कोणीच ठेवत नाही.

कायदेशीर बांधणी फारशी अवघड नाही. एकट्याने सुरुवात करायची असेल तर एकल मालकी पुरते; त्यासाठी पॅन, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), शॉप ॲक्टची पूर्तता आणि लेबलच्या नावाचे चालू खाते एवढे असावे. उद्यम नोंदणीला शुल्क नसते, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण त्यासाठी पैसे मागणारे मध्यस्थ भरपूर आहेत. मित्रांबरोबर काढत असाल तर भागीदारीपत्र करावे आणि भागीदार बाहेर पडल्यास मास्टर (गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणे) कोणाकडे राहतील हे त्यात लिहावे. सेवा पुरवणाऱ्यांना जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. नाव पक्के करण्यापूर्वी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ९ (ध्वनिमुद्रणे) आणि वर्ग ४१ (मनोरंजन) मध्ये शोध घ्यावा. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये लागतात.

आता हक्कांकडे वळू, कारण लेबले बुडतात ती बहुधा इथेच. एका गाण्यात गीतकाराचे शब्द, संगीतकाराची चाल, गायक-वादकांचे सादरीकरण आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण असे चार वेगवेगळे हक्क एकावर एक बसलेले असतात. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती. म्हणून स्टुडिओचे बिल, वादकांच्या मानधनाच्या पावत्या आणि मिक्सिंगचे पैसे लेबलच्या खात्यातून, लेबलच्या नावावर जायला हवेत. गायकाच्या मामांनी रोखीने स्टुडिओचे पैसे भरले आणि नंतर गाणे चालले, तर निर्माता कोण, हा वाद बिनकामाचा राहत नाही.

शब्द आणि चाल यांचे हक्क लेखी व सही असलेल्या करारानेच हस्तांतरित होतात. फोनवर दिलेला होकार पुरेसा ठरत नाही. करारात मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही, तर हस्तांतर फक्त भारतापुरते धरले जाते. म्हणजे जगभर वाजणाऱ्या ॲपवर गाणे चढवायचे आणि करारात ‘सर्व जग’ हे दोन शब्दच नाहीत, अशी अवस्था होऊ शकते. घेतलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत, तर वेगळे ठरले नसल्यास ते परत जातात, त्यामुळे ‘पुढे कधीतरी काढू’ म्हणून गाणी साठवून ठेवण्यात अर्थ नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या कृतीच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. तो वारसांना किंवा त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या प्रताधिकार संस्थेलाच देता येतो. ‘एकरकमी घेतले, पुढे काही देणे नाही’ असा जुना छापील मसुदा कोणी दिला, तर तो बाजूला ठेवावा आणि वकिलाकडून नवा करून घ्यावा. मुद्रांक किती रुपयांचा लागेल हेही त्यांनाच विचारावे.

भजनी मंडळांच्या बाबतीत एक खास अडचण येते. अभंग संतांचा असतो, पण चाल पेटीवाल्या बुवांनी बसवलेली असते आणि मंडळात कोणाच्याही मनात त्यांना ‘संगीतकार’ म्हणण्याची कल्पना नसते. पहिल्याच बैठकीत एका कागदावर गाण्याचे नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुख्य आवाज कोणाचा, साथीला कोण आणि कोणाची किती हिस्सेवारी, असे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. चहा येईपर्यंत हे काम होते. गाणे गाजल्यानंतर तेच काम करायला बसले, की मंडळ फुटते.

जुन्या रचना घेताना लेखकाच्या निधनाचे वर्ष पाहावे. चोखामेळा किंवा तुकाराम यांचे अभंग आणि सोलापूरचेच शाहीर राम जोशी यांच्या लावण्या सर्वांना खुल्या आहेत. मात्र बार्शीचे शाहीर अमर शेख १९६९ साली गेले. हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणून त्यांच्या गीतांना २०२९ अखेरपर्यंत हक्कधारकांची परवानगी लागेल. ध्वनिमुद्रणाचा हक्कही प्रकाशनानंतर ६० वर्षांचा असल्यामुळे कॅसेटच्या काळातले कोणतेही गाणे ‘जुने आहे’ म्हणून उचलून त्यावर बीट चढवता येत नाही. गाणे नव्याने गाऊन काढण्याची कायदेशीर सोय आहे, पण त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणाला ५ वर्षे उलटलेली असावी लागतात आणि साधारणपणे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. छोट्या लेबलला ते झेपणारे नाही. सरळ मूळ हक्कधारकाला पत्र लिहिणे स्वस्त पडते.

प्रत्यक्ष मुद्रणाबद्दल थोडेच सांगतो. पूर्व भागात खोली घेऊन आवाज मुद्रित करायचा असेल, तर शेजारचे यंत्रमाग कोणत्या पाळीत बंद असतात हे आधी पाहावे, कारण मागाचा खटखटाट जमिनीतून येतो आणि फोमला तो दाद देत नाही. हलगी असेल तर ती शेकण्याची सोय स्टुडिओच्या बाहेर अंगणात करून ठेवावी आणि दोन टेकच्या मध्ये वादकाला वेळ द्यावा. कातडे सैल पडलेल्या हलगीचा आवाज मिक्सिंगमध्ये परत येत नाही. भजनी मंडळाला एकेकटे बसवून मुद्रित करू नये, एकत्रच बसवावे, पण टाळकरी मुख्य माइकपासून लांब आणि पाठमोरे असावेत. शेवटी स्टुडिओकडून २४ बिटची वेव्ह फाइल (पूर्ण दर्जाची, आकाराने न आवळलेली), गायनाशिवायचा ट्रॅक आणि प्रत्येक वाद्याचा सुटा ट्रॅक घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नयेत. या सर्वांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी संकेतांक लागतो: देशाची २ अक्षरे, नोंदणीधारकाची ३, वर्षाचे २ अंक आणि अनुक्रमांकाचे ५. भारतात हे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संघटना पाहते. बहुतेक ऑनलाइन वितरक, म्हणजे गाणी ॲपवर पोचवणाऱ्या सेवा, स्वतःचे संकेतांक देतात आणि सुरुवातीला ते चालतात. फक्त ते वहीत उतरवून ठेवावेत, कारण उद्या वितरक बदलला आणि त्याच गाण्याला नवा संकेतांक पडला, तर आधीच्या ऐकण्यांची गणना तुटण्याचा धोका असतो. रिमिक्सला मात्र नवाच संकेतांक द्यायचा. गायकाच्या नावाचे रोमन स्पेलिंग एकदा ठरवावे आणि पुढे कधीही बदलू नये. नाहीतर एकाच माणसाची ॲपवर तीन पाने तयार होतात. गाण्याची भाषा कन्नड किंवा तेलुगू असेल तर तीच निवडावी, कंटाळा करून मराठी लिहू नये.

वितरक निवडताना वार्षिक शुल्क की उत्पन्नात वाटा, शुल्क थांबल्यास गाणी उतरवली जातात का आणि यूट्यूबची कंटेंट आयडी सेवा (दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचे गाणे ओळखून त्यावर दावा करणारी) वेगळी आकारली जाते का, हे तीन प्रश्न विचारावेत. बाजारात मिळणारी तयार बीट किंवा लूप वापरली असेल आणि तिचा परवाना फक्त तुम्हालाच दिलेला नसेल, तर त्या गाण्यावर कंटेंट आयडी लावू नये, कारण तीच बीट वापरणाऱ्या दुसऱ्याच्या व्हिडिओवर तुमचा खोटा दावा जातो. प्रकाशनाची तारीख किमान चार आठवडे पुढची ठेवावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे पाठवायचे, तर ते प्रकाशनाच्या निदान ७ दिवस आधी द्यावे लागते, आणि गड्ड्याचे गाणे संक्रांतीच्या आदल्या दिवशी चढवले तर नंदीध्वजांची मिरवणूक निघून जाते तरी ते सापडत नाही.

पैशांच्या अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकले न गेलेले गाणे मुद्रणाची रॉयल्टी कमवत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी चॅनेलला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. ॲपकडून वितरकामार्फत लेबलला येणारा पैसा मुद्रणाचा असतो; शब्द-चालीचा वाटा आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची प्रताधिकार संस्था गोळा करते, म्हणून आपल्या गीतकार-संगीतकारांना तिचे सभासद व्हायला लावावे आणि गाणी नोंदवून घ्यावीत.

कलावंताशी वाटणी ठरवताना आधी मुद्रणाचा खर्च वजा करून उरलेले निम्मे-निम्मे, ही पद्धत मला सर्वांत सरळ वाटते, मात्र ‘खर्च’ म्हणजे काय हे करारात एकेक बाब लिहून बांधून घ्यावे. लेबलच्या मालकाचे पुण्याचे पेट्रोल त्यात घुसता कामा नये. दर सहा महिन्यांनी गाणेवार जमा-खर्चाचा तक्ता प्रत्येक कलावंताच्या व्हॉट्सॲपवर पाठवावा, वाट्याची रक्कम शून्य असली तरी पाठवावा, आणि त्यासोबत वितरकाचा मूळ अहवालही जोडावा.