ऑनलाइन थेट वर्गातून बीजगणिताची सुरुवात कशी करावी

शाळा सुटल्यावर मुलांना पुन्हा सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून क्लासला पाठवण्यापेक्षा घरीच ऑनलाइन वर्ग लावून द्यावा, असा विचार पुण्यातले अनेक पालक करतात आणि तो योग्यच आहे. मात्र बीजगणित नुसते ऐकून येत नाही. ते लिहून येते, आणि लिहिताना नेमक्या कोणत्या ओळीत चूक झाली हे कोणी तिथल्या तिथे दाखवले तर ते लवकर येते. आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या पाठापेक्षा थेट वर्ग उजवा ठरतो तो एवढ्याचसाठी. म्हणून वर्ग निवडण्यापासून टेबल मांडण्यापर्यंतची सगळी तयारी विद्यार्थ्याची वही शिक्षकांना दिसावी, याच हेतूने करावी.

वर्ग निवडताना फी आणि वेळ यांच्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: एका तुकडीत किती मुले असतात, शिक्षक तासाला मुलांकडून गणिते सोडवून घेतात की स्वतःच फळ्यावर सोडवून दाखवतात, आणि वही पाहण्याची त्यांची पद्धत काय आहे. तुकडी दहा-बारा मुलांची असेल तर प्रत्येकाकडे लक्ष जाते. पन्नास मुले असतील तर तो थेट वर्ग नावापुरताच राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्य मंडळ की सीबीएसई, हेही आधीच सांगावे. सेमी-इंग्रजीच्या मुलांना शाळेत ‘व्हेरिएबल’ आणि ‘कोएफिशियंट’ ऐकायला मिळते आणि मराठीतून शिकवणारे शिक्षक ‘चल’ व ‘सहगुणक’ म्हणतात. अशा मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून हे शब्द समोरासमोर लिहीत जावेत.

तासासाठी शक्यतो लॅपटॉप किंवा टॅब वापरावा आणि घरातला दुसरा फोन वहीवर रोखून ठेवावा. जाड पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवून त्याचा कॅमेरा पुढे काढला, तरी काम भागते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. पेन्सिल फिकी दिसते, म्हणून निळ्या किंवा काळ्या पेनाने लिहावे आणि चूक झाली तर खोडरबर न वापरता तिच्यावर एकच रेघ मारावी. शिक्षकांना ती चूक वाचता आली पाहिजे. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, तेव्हा सुट्टीतला जादा तास त्या दिवशी दुपारी असेल तर उपकरणे सकाळीच चार्ज करून ठेवावीत.

विषयाला हात घालण्यापूर्वी अंकगणितातील एक गोष्ट पक्की हवी, ती म्हणजे ऋण संख्या. बीजगणितात अडणारी बहुतेक मुले प्रत्यक्षात चिन्हांवर अडलेली असतात. ब्रह्मगुप्ताने सन ६२८ मधील आपल्या ग्रंथात धन आणि ऋण यांचे नियम मांडले आणि आजही ते जमा व देणे यांच्या भाषेत सर्वांत सहज समजतात. कोणाचे ४०० रुपये देणे आहे आणि त्यातले १०० माफ झाले, तर देणे ३०० उरते; हेच −४०० − (−१००) = −३०० असे लिहायचे. पहिल्या आठवड्यात अशी उदाहरणे शिक्षकांकडून मागून घ्यावीत.

त्यानंतर बरोबरच्या चिन्हाकडे पाहावे. प्राथमिक शाळेपासून मुलांना सवय असते की हे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी खूण. त्यातूनच १२ + ३ = १५ × २ = ३० अशी ओळ लिहिली जाते. उत्तर बरोबर असले तरी ती ओळ खोटी आहे, कारण १२ + ३ म्हणजे ३० नव्हे. दोन्ही बाजूंची किंमत सारखी असल्याशिवाय ते चिन्ह लिहायचे नाही, हा नियम विद्यार्थ्याने स्वतःवर कटाक्षाने लावून घ्यावा. समीकरण सोडवण्याची पुढची सगळी रीत यावर उभी आहे.

आता अक्षरे. भास्कराचार्यांनी अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे दिली होती. आपण क्ष, य किंवा पाठ्यपुस्तकातील इंग्रजी अक्षर घेतो. नाव कोणतेही चालते, पण ते संख्येचे असते, वस्तूचे नाही. समजा, अप्पा बळवंत चौकातून सारख्या किमतीच्या सहा वह्या आणि ७० रुपयांची कंपासपेटी घेतली व बिल २८० रुपये झाले. पुष्कळ मुले येथे ‘क्ष = वही’ असे लिहितात. त्याऐवजी ‘एका वहीची किंमत क्ष रुपये मानू’ असे पूर्ण वाक्य लिहावे. मग ६क्ष + ७० = २८० हे समीकरण आपोआप सुचते. दोन्ही बाजूंतून ७० वजा केल्यावर ६क्ष = २१०, आणि दोन्ही बाजूंना ६ ने भागल्यावर क्ष = ३५.

‘दोन्ही बाजूंतून’ हे शब्द सुरुवातीला प्रत्येक पायरीशेजारी लिहावेतच. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा पाठ केलेला नियम घाईने वापरणारी मुले ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहून मोकळी होतात, कारण तीन आणि क्ष यांच्यामध्ये गुणाकार आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. निदान महिनाभर तो नियम बाजूला ठेवावा.

सर्वांत जास्त वेळ कंसांना द्यावा लागतो. पुढील समीकरण घ्या:

५(क्ष − २) − ३(क्ष − ४) = १४

यात दुसऱ्या कंसाला −३ ने गुणताना −३ × −४ = +१२ येते. तेथे −१२ लिहिले गेले तर पुढे सगळे नियमाप्रमाणे करूनही २क्ष = ३६ आणि क्ष = १८ मिळते. हे उत्तर दिसायला नीटनेटके असल्यामुळे मनात शंकाही येत नाही. म्हणून ताळा पाहावा. १८ ही किंमत मूळ समीकरणात घातली तर ५ × १६ − ३ × १४ = ३८ येते, १४ नव्हे. योग्य रीतीने सोडवल्यास ५क्ष − १० − ३क्ष + १२ = १४, म्हणजे २क्ष + २ = १४ आणि क्ष = ६; ताळा ५ × ४ − ३ × २ = १४. ताळा नेहमी मूळ समीकरणातच पाहावा, मधल्या ओळीत नव्हे, कारण चूक त्या ओळीच्या आधीच झालेली असू शकते.

तासात ‘सर, समजले नाही’ एवढेच म्हटल्याने शिक्षकांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. त्यापेक्षा ‘मॅडम, दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत अधिक बारा कसे आले?’ असे विचारावे. सर्वांसमोर माइक चालू करून बोलायला तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना संकोच वाटतो आणि तो स्वाभाविक आहे. चॅटमधून फक्त शिक्षकांना संदेश पाठवण्याची सोय असल्यास ती वापरावी. पालकांनी खोलीत थांबून उत्तरे सुचवू नयेत. त्याने मुलाची चूक शिक्षकांपर्यंत पोहोचतच नाही.

तास संपल्यावर त्याच दिवशी वहीकडे न पाहता वर्गातली दोन गणिते पुन्हा सोडवावीत आणि अडलेल्या जागेचा फोटो पुढच्या तासासाठी काढून ठेवावा. रेकॉर्डिंग पूर्ण पाहत बसू नये, अडलेला भागच पाहावा. जादा सरावासाठी बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात; आठवीच्या मुलाने सातवीचे पुस्तक उघडण्यात काहीच कमीपणा नाही. कंस असलेली एकचल समीकरणे ताळ्यासह, कोणाच्या मदतीविना सुटू लागली, की नववीतील दोन चलांतील रेषीय समीकरणांकडे वळावे. तोपर्यंत वर्ग पुढे सरकत असला तरी शिक्षकांना स्पष्ट सांगून याच गणितांचा आणखी सराव मागावा.