रेंडरची फाइल हलकी करताय? या चुका टाळा

रेंडर म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून कॉम्प्युटरने बनवलेलं चित्र. ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या कास्टिंगचं (ओतीव भागाचं) असो की टिळकवाडीतल्या बंगल्याचं, त्याला फोटोचे नियम लागू पडत नाहीत. त्यात सपाट रंग, करकरीत कडा आणि गुळगुळीत छटा असतात, आणि जेपीईजी, म्हणजे फोटोंसाठीचा नेहमीचा फाइल फॉरमॅट, नेमकी तिथेच उघडी पडते.

सर्रास होणारी चूक म्हणजे क्वालिटीचा आकडा बघून तुलना करणं. फोटोशॉपची पट्टी 12 पर्यंत, गिंपची 100 पर्यंत. जेपीईजीचं 80 आणि वेबपीचं (वेबसाइटसाठीचा नवा फॉरमॅट) 80 यांचाही एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही फाइली साधारण सारख्याच केबीच्या बनवा आणि 100 टक्के झूमवर शेजारी शेजारी लावा. स्क्रीनमध्ये बसवलेलं छोटं चित्र कुणाचंही छानच दिसतं.

बघायचं अक्षरांच्या कडेला. गणेशोत्सव मंडळाचा बॅनर घ्या: गडद निळ्यावर भगवी अक्षरं, मराठीही आणि कन्नडही. जेपीईजीत बहुधा 4:2:0 सेटिंग असतं, म्हणजे रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच साठवली जाते. मग अनुस्वार फिसकटतो, कन्नड अक्षरांची बारीक वळणं भरून जातात. क्वालिटी 95 केली तरी 4:2:0 तसंच राहिलं तर कडा मळकटच राहतात, तिथे 4:4:4 (रंगाची माहिती पूर्ण ठेवणारं सेटिंग) निवडावं लागतं. लॉसी (माहिती गाळून फाइल लहान करणाऱ्या) वेबपीत तो पर्यायच नाही. मजकूर असलेल्या चित्राला काहीच न गाळणारी पीएनजी किंवा लॉसलेस वेबपी बरी, फ्लेक्सवाला ‘पीएनजी जड होते’ म्हणून कुरकुरला तरी.

आता जडपणाचं. साध्या सपाट रंगांच्या कॅड चित्राची पीएनजी कित्येकदा जेपीईजीपेक्षा लहान निघते. फुगते ती रेंडरमधल्या दाण्यांमुळे, कारण त्यात पीएनजीला दाबण्याजोगी पुनरावृत्ती सापडत नाही. फॉरमॅटला दोष देण्याआधी डीनॉइज करा, म्हणजे ते दाणे काढा.

आकाशात पट्टे दिसले तर क्वालिटी वाढवत बसू नका. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या असतात. एक्सपोर्ट करताना थोडं डिदर द्या, म्हणजे पट्टे मोडणारे बारीक ठिपके मिसळा. फाइल जराशी वाढेल, वाढू दे.

जेपीईजीची पीएनजी केल्याने गेलेलं परत येत नाही, नुसतं वजन वाढतं. पारदर्शक लोगो जेपीईजीत टाकला की मागे रंगाचा ठोकळा येतो. आणि ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो ॲपने पुन्हा दाबलेली प्रत बघून तुमच्या कामाला नावं ठेवणार.