कोन सेट आवळण्याआधीची तयारी

मोटरसायकलचं हँडल डगमगतंय म्हणून लगेच कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, आवळायला पाना उचलू नका. आधी टायर थंड असताना हवा मोजा, पुढचा टायर उंचसखल झिजलाय का ते हात फिरवून पाहा, मागच्या कॅरिअरवरचं ओझं उतरवून एक चक्कर मारा. चाकाच्या बेअरिंगला आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का तेही बघून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत.

मग सपाट जागी गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा, पुढचं चाक अधांतरी हवं. सायलेन्सरच्या पाइपाखाली जॅक नको. मागून धरायला एक माणूस असू द्या.

नट सोडण्याआधीच निदान करायचं. फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांची, खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा आणि सोबत्याला खालची टी (हे दोन पाय जोडणारा आडवा भाग) आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवायला सांगा. तिथे टकटक लागली तर कोन सेट ढिला. फट शांत आणि हालचाल खाली असेल तर फोर्कचे बुश गेलेत. आता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. अगदी मधोमध खटका बसून हँडल तिथेच अडत असेल, तर रेसमध्ये, म्हणजे गोळ्या फिरतात त्या वाट्यांमध्ये, खड्डे पडलेत. ते आवळून जात नाहीत, नवाच सेट लागतो, वाट्या आणि गोळ्या एकदमच बदलायच्या. त्यासाठी ग्रीस, रॉकेल, चिंध्या आणि घरंगळणाऱ्या गोळ्यांसाठी खाली परात ठेवा. वरच्या-खालच्या गोळ्या मोजून वेगवेगळ्या.

नुसतं आवळायचं असेल तर रिंग नट (बेअरिंग आवळणारा खाचांचा नट) फिरवायला सी-पाना, वरच्या नटाचा सॉकेट, टॉर्क रेंच, टाकीवर टाकायला जाड चादर आणि मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे कागदावर लिहून हवेत. छिन्नी-हातोडीने रिंग नट ठोकणारे खूप दिसतात. खाचा फाटतात आणि किती आवळलं याचा अंदाजही येत नाही.

क्लच केबल आणि वायरिंग मोकळी आहे ना, बघा. ताणलेली केबल बेअरिंग घट्ट असल्याचा भास करते. वरच्या टीचे फोर्क पकडणारे बोल्ट ढिले करा, नाहीतर टी खाली बसतच नाही. रिंग नट एका वेळी 1/8 फेऱ्याहून कमीच फिरवा. वरचा नट पूर्ण टॉर्कला आल्यावर बेअरिंगवर आणखी दाब येतो, म्हणून खरी तपासणी त्यानंतरची. हँडल मधून जरासं ढकललं की आपलं आपण बाजूला पडायला हवं, आणि फटीवर टकटक नको.

जास्त आवळलेलं ढिल्याइतकंच वाईट: सावकाश चालवताना गाडी सरळ राहत नाही, नागमोडी जाते. चाचणीला निघण्याआधी टीचे बोल्ट पुन्हा टॉर्कला आवळा आणि पुढचा ब्रेक दाबून बघा. नवा सेट टाकला असेल तर काही शे किलोमीटरनंतर तो थोडा बसतो, तेव्हा प्ले परत तपासा.