केंडोत अंग चोरलं की जास्त लागतं: नवख्यांनो, या चुका टाळा

केंडो या जपानी तलवारबाजीत मेन, म्हणजे जाळीचं शिरस्त्राण, पहिल्यांदा डोक्याला बांधलं की दोन गोष्टी एकदम होतात. जाळीच्या आडव्या सळ्यांमुळे समोरचं तुकड्यातुकड्यांत दिसतं आणि कापसाच्या जाड थरांमुळे आवाज विहिरीतून आल्यासारखे ऐकू येतात. तेवढ्यात समोरून कोणी ओरडत, पाय आपटत येतो आणि बांबूची 120 सेंटीमीटरची शिनाई थेट टाळूवर उतरते. कित्येक महिने आरशासमोर ताठ उभा राहून सराव केलेला माणूस त्या क्षणी डोळे मिटतो, मान खाली घालतो, हात वर घेतो आणि मागे सरकतो. चारही गोष्टी एका दमात. मग म्हणतो, "लागलं."

लागणारच. बोगू, म्हणजे मेन, कोते (हातमोजे), दो (छातीपोटाचं कवच) आणि तारे (कमरेखालचं आवरण) हा संरक्षक संच, सरळ उभ्या माणसासाठी बेतलेला असतो. मेन, कोते, दो हीच नावं त्या-त्या जागेवरच्या वारांनाही आहेत. शोतोकू काळात, 1711 ते 1715च्या सुमारास, नागानुमा शिरोझाएमोन कुनिसातो यांनी हे साहित्य विकसित केलं आणि शिनाईने प्रत्यक्ष वार करण्याची सरावपद्धत बसवली. त्यामागचा हिशेब साधा आहे. वार डोकं, मनगट, धड आणि गळा या ठरलेल्या चार जागीच पडायचे, म्हणून जाड थर मुख्यतः तिथेच. तुम्ही अंग चोरलं की ती जागा हलते आणि वार शेजारच्या उघड्या जागेवर पडतो. म्हणून "घाबरू नकोस" हा डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, सर्रास दिला जाणारा सल्ला आमच्या मते कुचकामी आहे. भीती आपल्या वेळेने कमी होईल. तोवर तिच्यापायी शरीर जे करतं, ते एकेक करून दुरुस्त करता येतं.

मान खाली घालणं, डोकं कलवणं

ही सगळ्यात महागात पडणारी सवय. मेनची गादी कपाळापासून टाळूपर्यंत येते आणि तिथेच संपते. डोक्याच्या मागच्या बाजूला फक्त दोऱ्यांची गाठ असते, बाकी सगळं उघडं. मान खाली गेली की टाळूवर पडणारा वार गादीच्या कडेपलीकडे, उघड्या कवटीवर पडतो. डोकं बाजूला कलवलं तर शिनाई मेनवरून घसरून कानावर किंवा मानेलगत खांद्यावर येते. कानावर बसलेला सपाट फटका पडदा फाडू शकतो. बॉक्सिंग किंवा लाठीकडून आलेल्यांना ही सवय जास्त असते, कारण तिथे डोकं चुकवणं हीच कला. इथे मुद्दाम उलटं शिकावं लागतं.

दुसरं टोक म्हणजे हनुवटी वर जाणं. त्यामुळे गळ्यासमोरची त्सुकी-दारे ही जाड पट्टी जागेवरून उचलली जाते आणि खाली फट पडते. हनुवटी आत, मानेचा मागचा भाग लांब, कपाळ समोर, एवढं धरून ठेवा. वार कपाळाच्या थोडा वर बसला की आवाज मोठा येतो आणि दुखत नाही. हे एकदा स्वतः अनुभवलं की अर्धी भीती तिथेच उतरते.

डोळे मिटणं

पापणी मिटणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, हुकुमाने थांबत नाही. शिवाय नवखा फक्त शिनाईला दचकत नाही. पाय आपटल्याचा दणका, कियाईची आरोळी आणि बांबूचा कडाका असे तीन आवाज एकत्र येतात. म्हणून आवाज आणि वार वेगळे करा. आधी जोडीदाराने वाराच्या अंतरावरून नुसतं ओरडून पाय आपटावा, शिनाई उचलूच नये. असं 10 वेळा. मग आवाज न करता शिनाई हळूच मेनवर टेकवावी, 10 वेळा. नंतर अर्ध्या जोराने 10 वार, आणि शेवटी आवाजासह पूर्ण वार 10. प्रत्येक वेळी घेणाऱ्याने तोंडाने मोठ्याने श्वास सोडावा किंवा आकडा मोजावा. श्वास कोंडला की खांदे आवळतात आणि पापणी लगेच पडते.

डोळे उघडे होते का, हे तपासायला सोपी युक्ती आहे. वारानंतर जोडीदाराने विचारावं, "कुठे लागली? मधोमध, डावीकडे की उजवीकडे?" उत्तर आलं नाही तर डोळे मिटले होते. 10 पैकी तीनपेक्षा जास्त वेळा असं झालं तर एक पायरी खाली या.

नजर शिनाईच्या टोकावर ठेवू नका. ते टोक सर्वात वेगाने हलणारी वस्तू आहे, तिच्या मागे डोळे पळवले की दचकायला होणारच. केंडोत "एन्झान नो मेत्सुके" म्हणतात, दूरचा डोंगर पाहावा तशी नजर. सिंहगडाकडे खालून पाहताना एखादा बुरूज न शोधता अख्खा गड डोळ्यांत मावतो, तसं समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत त्याचं सगळं अंग नजरेत ठेवायचं. खांदे आणि कंबर शिनाईच्या आधी हलतात, आणि ते दिसायला लागलं की वार अचानक येत नाही.

मागे सरकणं

शिनाईचा टोकाकडचा भाग वेगाने फिरतो, मुठीजवळचा संथ. वार टोकाकडच्या चौथ्या हिश्श्याने करायचा असतो. तुम्ही मागे सरकता तेव्हा नेमके त्या वेगवान पट्ट्यातच राहता, वर अंतर चुकल्यामुळे मेनचा वार जाळीवर, कोतेचा वार अंगठ्यावर आणि दोचा वार कोपरावर येतो. पुढे गेलात तर शिनाईच्या मुठी एकमेकींना भिडतात. या स्थितीला त्सुबाझेरिआई म्हणतात. तिथे समोरच्याला जोर लावायला जागाच नसते. केंडोच्या मैदानात याहून सुरक्षित जागा नाही.

मागे जाताना वजन टाचेवर पडतं, हा आणखी एक धोका. तोल जाऊन माणूस पाठीवर पडला तर डोक्याचा उघडा मागचा भाग जमिनीवर आपटतो. उपाय म्हणून डाव्या टाचेमागे जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि पाच वार तिच्यावर पाय न ठेवता घ्या. वार बसला की बाजूला होऊन समोरच्याला पुढे जायला वाट द्या. वार घ्यायच्या आधीच बाजूला होणं वेगळं, ते अंग चोरण्यातच जमा.

हात ताठ करून टोक पुढे धरणं

या चुकीत इजा स्वतःला नाही, दुसऱ्याला होते. समोरचा धावून आला की घाबरलेला माणूस कोपर ताठ करून शिनाईचं टोक त्याच्या गळ्याकडे रोखतो. येणारा स्वतःच्या वेगाने त्या टोकावर आदळतो आणि टोक त्सुकी-दारेखाली शिरून गळ्याला लागू शकतं. याला मुकाए-झुकी म्हणतात आणि कोणत्याही डोजोत ते खपवून घेत नाहीत. मोतोदाची, म्हणजे वार घेणारा, असाल तर टोक वेळेवर बाजूला करणं हे तुमचं काम आहे. मेनसाठी टोक किंचित आपल्या उजवीकडे, कोतेसाठी किंचित वर आणि डावीकडे, दोसाठी दोन्ही हात नीट वर. सगळ्यात जास्त गफलत दोला होते. हात अर्धवट वर नेऊन भीतीने कोपर परत खाली आणलं, तर शिनाई थेट कोपराच्या हाडावर येते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे डावी मूठ कपाळापर्यंत उचलून शिनाई आडवी धरणं. मेन, कोते आणि उजवा दो एकदम झाकल्यासारखं वाटतं, पण तिथून तुम्हाला स्वतःला एकही वार करता येत नाही, डावा दो उघडा पडतो आणि कोपराच्या आतली बाजू समोरच्याच्या वाटेत येते. डावी मूठ बेंबीसमोर, पोटापासून एक मुठीएवढी पुढे. वार आला तरी ती तिथेच राहील याची काळजी घ्या, बाकीचं शरीर बरंचसं आपोआप जागेवर येतं.

दोष साहित्याचा, खापर भीतीवर

प्रत्येक वाराला डोकं घुमत असेल तर धीर वाढवायच्या आधी मेन तपासा. हनुवटी आधी आतल्या आधारावर बसवायची, मग कपाळ. डोळे जाळीच्या वरून सहाव्या आणि सातव्या सळीमधल्या फटीसमोर यायला हवेत, कारण ती फट मुद्दाम किंचित मोठी ठेवलेली असते. डोळे त्याच्या वर-खाली असतील तर दिसण्यासाठी मान वाकडी होते आणि पुन्हा पहिल्या चुकीवर आलो. बांधून झाल्यावर जाळी धरून हलवा. डोकं जाळीबरोबरच हललं पाहिजे. जाळी वेगळी हलत असेल तर मेन सैल आहे आणि प्रत्येक वार दोनदा लागतोय, एकदा शिनाईचा, एकदा मेनचा. मेनखाली डोक्याला गुंडाळलेल्या तेनुगुईची, म्हणजे सुती फडक्याची, घडी कपाळावर राहिली तर तिथेच ठणका लागतो. गाठ मारल्यावर दोन्ही कानांशी गादी बोटाने थोडी बाहेर ओढा. तेवढ्या पोकळीने कानाच्या पडद्यावरचा दाब कमी होतो. जुन्या, इतरांनी वापरलेल्या मेनची गादी चेपली असेल तर तेनुगुईखाली पातळ पॅड घालायला काहीच हरकत नाही, त्यात कमीपणा कसला?

कोते मोठे असतील तर मनगटाचा फुगीर भाग खाली सरकतो आणि वार त्याच्या वर, उघड्या हातावर पडतो. बोटं पुढे टेकलेली असताना शिनाई नीट मुठीत धरता आली पाहिजे.

शिनाईची तपासणी मात्र रोजची. चारही पट्ट्यांवरून बोट फिरवा, चिरफळ्या निघाल्या असतील तर गाठी सोडून बारीक सँडपेपरने कडा घासा आणि थोडं तेल लावा. टोकाचं चामडं फाटलेलं नको, टोकापासून साधारण 30 सेंटीमीटरवरची नाकायुई, म्हणजे पट्ट्या बांधणारी चामडी दोरी, सैल नको. तडा गेलेली पट्टी चिकटपट्टी लावून वापरायची नाही, कारण फुटलेला बांबू जाळीतून आत जाऊन डोळ्यात शिरू शकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बांबू लवकर तडकतो, तेव्हा तिथल्या मंडळींनी तेलपाणी जास्त वेळा करावं.

कधी कधी मारणाऱ्याचंच चुकतं

मोठ्या माणसांच्या स्पर्धेत पुरुषांची शिनाई किमान 510 ग्रॅम आणि स्त्रियांची किमान 440 ग्रॅम लागते. एवढ्या वजनाने नीट मारलेला वार दुखत नाही. "तेनोउची" म्हणजे वार बसताना मूठ क्षणभर आवळून लगेच सैल करणं. ते जमलेल्याचा वार "टक्" वाजतो आणि संपतो. नवखा मात्र खांद्यातून कुऱ्हाड चालवल्यासारखा मारतो, शिनाई डोक्यावर दाबत राहतो, आवाज बोथट येतो आणि कळ टाचेपर्यंत जाते. म्हणून पहिले दोन-तीन महिने दोन नवख्यांची जोडी लावणं ही शिकवणाऱ्याची चूक आहे. जुना, शांत मोतोदाची द्यावा. आणि वार खरंच जड येत असेल तर सेनसेईंना, म्हणजे शिक्षकांना, स्पष्ट सांगा. मुकाट सोसल्याने समोरच्याचा हात सुधारत नाही.

लागेल म्हणून कच खाणाऱ्यांइतकेच दुसऱ्याला लागेल म्हणून हात आखडणारेही असतात. त्यांचा वार मधेच थांबतो, अंतर चुकतं, टोक घसरतं आणि नेमकं नको तिथे लागतं. पूर्ण मारा, मधोमध मारा आणि मारून पुढे निघून जा.

सरावाचा क्रम

केंडोत मनाच्या चार व्याधी मानतात. क्यो, कु, गि, वाकु, म्हणजे दचकणं, भीती, शंका आणि गोंधळ. नवखा या चारही एकत्र भोगत असतो आणि सगळ्यांना भीतीच म्हणतो, म्हणून औषध लागू पडत नाही. दचकणं वर सांगितलेल्या आवाजाच्या सरावाने जातं. गोंधळ घालवायला एका वेळी एकच लक्ष्य ठेवा.

पहिला आठवडा फक्त बोगू घालून पावलं आणि हवेतले वार, कोणी मारायचं नाही. डोक्यावरचं ओझं आणि अर्धवट दिसणं यांची सवय होऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात उभं राहून मेन घेणं, दर सरावाला 30. तिसऱ्यात कोते. हळू गतीची किरिकाएशी चौथ्यात, आणि तीही दोन्ही बाजूंनी, कारण मधला वार, मग पुढे चार आणि मागे पाच असे डावे-उजवे वार घेताना डोकं न हलवता पायांनी अंतर राखायला लागतं. घेताना शिनाई उभी, अंगाजवळ. त्यानंतर आय-मेन, म्हणजे दोघांनी एकाच वेळी मेन मारणं. शंका इथे सुटते. समोरचा येताना आपणही गेलो की काय होतं, याचं उत्तर 10 वारांत मिळतं. मोकळी लढत, म्हणजे जिगेको, याच्या आधी लादू नये. लादली की माणूस वार मोजायला लागतो, मार खाल्ला म्हणजे हरलो असं धरतो आणि पुन्हा हात वर जातात. "उत्ते हान्सेई, उतारेते कान्शा" असं केंडोत म्हणतात, मारल्यावर तपासा, मार बसल्यावर आभार माना. बसलेला प्रत्येक वार तुमची कुठली जागा उघडी होती ते फुकटात दाखवतो.

पुढच्या हातावर वळ, मनगटाशी काळंनिळं, टाळूला थोडा ठणका, हे एखाद-दोन दिवसांत जातं. वारानंतर चक्कर, मळमळ, दोन-दोन दिसणं, कानात सतत गुंजारव किंवा कमी ऐकू येणं, यातलं काहीही झालं तर सराव तिथेच थांबवायचा, मेन काढायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. त्या दिवशी परत मेन बांधायचं नाही, सेनसेईंनी विचारलं तरी.