एंजल माशांची पिल्ले घरी वाढवताना

एंजल माशांच्या जोडीने अंडी घातली की पाळणाऱ्याचे सारे लक्ष त्या अंड्यांवर खिळते. पिल्ले मात्र बहुतेक वेळा त्यानंतर दगावतात, म्हणजे पोहू लागल्यावरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत. आणि कारणे सहसा दोनच असतात, वेळेवर न मिळालेले जिवंत खाद्य आणि बिघडलेले पाणी. म्हणून या दोन्हींची तयारी अंडी दिसण्याआधीच झालेली असावी, असे माझे ठाम मत आहे.

एंजल माशांत नर-मादी नुसत्या रूपावरून खात्रीने ओळखता येत नाहीत, त्यामुळे दोनच मासे आणून त्यांची जोडी जमेल अशी आशा धरू नये. सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवावेत. साधारण आठ ते बारा महिन्यांत त्यांतले दोघे टाकीचा एक कोपरा धरून बाकीच्यांना हाकलू लागतात, तीच जोडी. अंडी घालण्याच्या सुमारास दोघांच्याही पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. मादीची नळी जाड व बोथट असते, नराची बारीक व टोकदार. ही नळी नीट पाहून घ्यावी, कारण कधी कधी दोन माद्याही जोडीने राहतात, अंडी घालतात, आणि ती फलित न झाल्याने सगळीच्या सगळी पांढरी पडतात.

जोडीला स्वतंत्र, उंच टाकी द्यावी; ८० लिटरची पुरते. पाण्याचे तापमान २७ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे आणि एका बाजूला पाटीचा दगड किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा तिरका उभा करावा. मादी त्यावरून खालून वर सरकत ओळीने अंडी चिकटवत जाते आणि नर तिच्या मागोमाग ती फलित करतो. याच टाकीत एक जास्तीचा स्पंज फिल्टर महिनाभर आधीपासून चालू ठेवावा, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात मुरलेले असतात. पिल्लांच्या टाकीत नवा कोरा स्पंज लावून काही साधत नाही.

नव्या जोड्या बऱ्याचदा आपलीच अंडी खाऊन टाकतात. सांभाळणारी जोडी असेल तर दोघे आळीपाळीने पंखांनी अंड्यांना वारा घालतात, पिल्ले तोंडात धरून हलवतात, हे पाहण्यासारखे दुसरे सुख नाही. परंतु पिल्ले खात्रीने वाचवायची असतील तर अंडी दगडासकट वेगळी करावीत. त्याच टाकीतले पाणी भरलेल्या भांड्यातून दगड ३०-४० लिटरच्या, तळाला वाळू नसलेल्या टाकीत न्यावा, हवेचे बुडबुडे अंड्यांच्या जवळून पण अंगावर न येतील असे सोडावेत आणि बुरशी रोखण्यासाठी बाटलीवरील प्रमाणात मिथिलीन ब्लू घालावे. या औषधाने स्पंजातील जिवाणूही मरतात, म्हणून मुरलेला फिल्टर पाणी बदलून निळेपणा गेल्यावरच या टाकीत आणावा.

सुमारे ६० तासांत अंडी फुटतात. भिंगातून पाहिले तर पिल्ले डोक्याकडील चिकट धाग्यांनी दगडाला लटकून शेपट्या वळवळताना दिसतात. पोटाशी बलकाची पिशवी असते, तोवर त्यांना काहीही खायला घालू नये. आणखी चार-पाच दिवसांनी ती दगड सोडून पोहू लागतात आणि त्याच दिवशी त्यांना अंड्यातून नुकताच फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, हवा असतो. मी पहिल्या खेपेला पिल्ले पोहताना पाहून मग आर्टेमिया भिजत घातला आणि मधल्या दिवसासाठी उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दुधाळ झाले होते आणि सगळी पिल्ले तळाशी पडली होती.

त्यामुळे आर्टेमियाची पहिली बाटली पिल्ले पोहू लागण्याच्या आदल्या दिवशीच लावावी. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीनविरहित मीठ विरघळवावे, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी टाकावीत आणि उजेडात, २६ ते २८ अंशांवर, तळापासून जोरात हवा सोडत २४ तास ठेवावे. मग हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर तरंगतात आणि नारिंगी जीव खाली साचतात. तेवढेच बारीक नळीने ओढून दाट कापडातून गाळावेत व गोड्या पाण्यात धुवावेत. टरफले पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नयेत, ती पचत नाहीत. दर बारा तासांनी दुसरी बाटली लावत राहिल्यास ताजे खाद्य हाताशी राहते, आणि ताजेपणाला इथे फार महत्त्व आहे, कारण हे जीव स्वतःच्या साठ्यावर जगत असल्याने तासागणिक त्यांचा कस उतरतो.

दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला घालावे. पोटे नारिंगी व फुगीर दिसली की पिल्ले जेवली असे समजावे. उरलेला आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरून सडतो, म्हणून रोज तळ ओढून काढावा आणि पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे व क्लोरीन काढलेले असावे. तळ ओढताना हवेच्या पंपाचीच बारीक नळी वापरावी आणि पाणी पांढऱ्या बादलीत घ्यावे. चुकून ओढली गेलेली पिल्ले त्या पांढऱ्यावर चटकन दिसतात व परत सोडता येतात.

तीन-चार आठवड्यांनी आर्टेमियासोबत कोरड्या खाद्याची बारीक पूड सुरू करता येते आणि याच सुमारास लांब पंख फुटून मूळचा आकार दिसू लागतो. आता गर्दी कमी करून पिल्ले मोठ्या टाक्यांत विभागावीत, नाहीतर पंख आखूड राहतात. कल्ल्यांची झाकणे अपुरी असलेली किंवा पोहताना तळाला घसटणारी पिल्ले पुढे प्रजननासाठी ठेवू नयेत. अंडी काढून घेतलेली जोडी बऱ्याचदा दोन आठवड्यांच्या आतच पुन्हा अंडी घालते. तोवर रिकामी टाकी हाताशी नसेल तर ती खेप जोडीकडेच राहू द्यावी.