बिझनेससाठी वेबसाइट करून घेताय? डेव्हलपर निवडायच्या आधी हे करा

माझ्या मामेभावाची देवगडला हापूसची कलमं आहेत. पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवतो. चार वर्षांपूर्वी त्याने एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली, छान झाली होती, ऑर्डरी पण यायला लागल्या, आणि मग एका एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन सीझनला, साइट उघडेचना. दादाला कळलं ते पण गिऱ्हाइकांचे फोन आले म्हणून. डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदत संपली होती. रिन्यूअलचे मेल आलेले, पण ते सगळे त्या डेव्हलपरच्या जुन्या मेलवर, कारण डोमेन घेतलेलंच त्याच्या नावावर होतं, आणि तो मुलगा तोपर्यंत बंगळुरूला नोकरीला लागला होता. दादा पैसे भरायला तयार होता पण भरणार कुठे, डोमेन कंपनीच्या लेखी तो मालकच नव्हता. त्या मुलाने शेवटी लॉगिन शोधून रिन्यू केलं तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला होता, तोवर अर्धा सीझन गेला.

मुलगा वाईट नव्हता आणि कामही वाईट नव्हतं. निवडताना आम्ही डिझाइन बघितलं, किंमत बघितली आणि बाकी काहीच विचारलं नाही. म्हणून आता कोणी विचारलं की मी काय काय सांगते ते एकदा नीट लिहून काढते.

आधी कागद-पेन घ्या

डेव्हलपर शोधायच्या आधी साइटने काय काम करायचंय ते लिहा. लोकांनी फोन करायचाय, व्हॉट्सॲपवर विचारायचंय, की साइटवरच पैसे भरून ऑर्डर द्यायचीये? या तिन्हीच्या खर्चात खूप फरक आहे. नुसता पत्ता, वेळ आणि फोटो दाखवायचे असतील तर गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल आणि मॅपवर दिसणारं तुमच्या धंद्याचं पान, फुकट असतं, ते आधी करा, कदाचित वर्षभर तेवढ्यावरच भागेल. साइट हवीच असेल तर मजकूर कोण लिहिणार, फोटो कोण काढणार, भाव बदलला की साइटवर कोण बदलणार हे पण लिहा. आंब्याचा भाव आठवड्याला बदलतो, प्रत्येक वेळी डेव्हलपरला फोन करायला लागला तर ती साइट दोन महिन्यात शिळी होते, हे अनुभवाचं सांगते.

शोधायचं कुठे

तुमच्याच धंद्यातल्या, पण दुसऱ्या गावच्या चार साइट बघा ज्या तुम्हाला स्वतःला वापरायला सोप्या गेल्या. बऱ्याचदा पानाच्या अगदी तळाशी बनवणाऱ्याचं नाव असतं. शिवाय तुमचा सीए, प्रिंटिंग प्रेसवाला, प्रॉडक्टचे फोटो काढणारा, यांना विचारा, यांची रोज अशा लोकांशी गाठ पडते. तीन नावं मिळाली तरी पुष्कळ.

आणि जो "गूगलवर पहिला नंबर गॅरंटी" म्हणेल त्याचं नाव तिथेच खोडा. असा नंबर कोणीच गॅरंटीने देऊ शकत नाही असं गूगल स्वतः सांगतं.

नवं काम नको, जुनं दाखव म्हणा

सगळे जण गेल्या महिन्यात केलेली चकचकीत साइट दाखवतात. तुम्ही दोन-तीन वर्षं जुनी मागा. ती अजून चालू आहे का, त्यातली लिंक दाबली की पान उघडतं का, फॉर्म भरला तर उत्तर येतं का. आणि हे लॅपटॉपवर नाही, साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, कारण तुमचं गिऱ्हाईक एसटीत बसून तसंच बघणार आहे. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स नावाचं फुकट टूल आहे, त्यात साइटचा पत्ता टाकला की वेग कळतो. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे बहुतेक वेळा वरचा मोठा फोटो, २.५ सेकंदात दिसला तर गूगल चांगलं मानतं. बाकीचे आकडे नाही समजले तरी चालतील, एवढा एक बघा.

मग त्या जुन्या साइटच्या मालकांना फोन करा. हा फोन बरेच जण संकोचाने करत नाहीत, पण सगळ्यात जास्त यातूनच कळतं. "काम कसं केलं" विचारलं की सगळे "चांगलं केलं" म्हणतात. त्यापेक्षा असं विचारा की साइट कधी बंद पडली होती का, पडली तेव्हा याने फोन किती वेळात उचलला, आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे कधी मागितले का. कधीच बंद पडली नाही असं कोणी म्हणालं तर छानच, पण पडल्यावर रात्री साडेदहाला त्याने चालू करून दिली असं कोणी सांगितलं तर मी तो माणूस डोळे मिटून निवडेन.

मराठी जमतं का ते बघाच

तुमचं गिऱ्हाईक मराठी वाचणारं असेल तर डेव्हलपरला मराठी मजकुराचं एक पान करून दाखवायला सांगा. इथे भले भले अडकतात. आपल्याकडे ब्रोशर, पत्रकं डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतात, तो मजकूर तसाच उचलून साइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा पद्धतीत, करून घ्यावा लागतो. मग काही जण सोपा मार्ग म्हणून मराठी मजकुराचं चित्रच बनवून चिकटवतात. दिसतं छान, पण गूगलला ते मजकुरासारखं नीट वाचता येत नाही आणि गिऱ्हाइकाला त्यातला फोन नंबर दाबून कॉलही लावता येत नाही.

आणखी एक, इंग्रजी डिझाइनमध्ये अक्षरांच्या मधे जागा सोडायची फॅशन आहे, तेच मराठीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द तुकड्या-तुकड्यात दिसतो. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, तो यायला तशी सोय असलेला फॉन्ट हवा आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं सांगावं लागतं, हे माहीत असलेला डेव्हलपर मिळाला तर सोडू नका. तपासायला "दुसऱ्या", "कोऱ्हाळे", "ॲडव्हान्स", "श्री" असे शब्द द्या आणि दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर बघा.

नाव तुमचं, लॉगिन तुमचं

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हेच. डोमेन तुमच्या मेलने, तुमच्या फोन नंबरने, तुमच्या कार्डाने घ्या. डॉट कॉम किंवा डॉट इन, वर्षाला हजार-दीड हजाराच्या आसपासचा खर्च आहे, डेव्हलपर शेजारी बसून सांगेल तसं करा पण खातं तुमचं हवं. मुदत संपायच्या आधी साधारण महिनाभर आणि मग आठवडाभर असे आठवणीचे मेल डोमेन कंपन्या पाठवतात, ते तुम्हाला आले पाहिजेत. मुदत उलटली तरी काही दिवस रिन्यू करता येतं, त्यानंतर डॉट कॉमला ३० दिवस असे असतात की भरपूर दंड भरून सोडवावं लागतं, आणि तेही गेले की नाव कोणीही घेऊ शकतं.

होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या भाड्याच्या जागेचं, तसंच. साइट वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर असेल तर त्याचं ॲडमिन लॉगिन, साइटवर किती लोक येतात ते दाखवणारं गूगल ॲनालिटिक्स, गूगलवर साइट कशी सापडते ते दाखवणारं सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल, सगळीकडे मालक तुम्ही आणि डेव्हलपरला फक्त काम करायची परवानगी. ऑनलाइन पेमेंट घेणार असाल तर पेमेंट गेटवेचं, म्हणजे ते पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीचं, केवायसी तुमच्या नावावर, पैसे थेट तुमच्या खात्यात. "माझ्या खात्यात येतील, मी तुम्हाला पाठवीन" याला कितीही ओळखीचा असला तरी नाही म्हणायचं.

आणि एक कायद्याचं, जे मला पण उशिरा कळलं. आपण पैसे दिले म्हणजे साइटचा कोड आपला झाला असं आपण धरून चालतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाहीये. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, पण बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेला कोड वेगळा करार नसेल तर त्याचाच राहतो. हक्क तुमच्याकडे यायला लेखी आणि त्याच्या सहीचा कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. म्हणून "कायमस्वरूपी आणि जगभरासाठी" हे शब्द करारात टाकून घ्या, एका ओळीचं काम आहे.

पैशाचं

कोटेशन एका आकड्यात घेऊ नका, फोडून मागा. डिझाइन किती, पानं किती, डोमेन-होस्टिंग किती, पुढच्या वर्षीपासून मेंटेनन्स किती आणि त्यात नेमकं काय येतं. होस्टिंग पहिल्या वर्षी स्वस्त आणि रिन्यूअलला बरंच महाग असं सर्रास असतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा आकडा आत्ताच विचारा. एसएसएल म्हणजे साइटच्या पत्त्याआधी https आणणारं सुरक्षिततेचं सर्टिफिकेट, ते लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं फुकट मिळतं, साध्या साइटला त्याचे हजारो रुपये कोणी लावत असेल तर कारण विचारा. डेव्हलपर जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के येतात, ते धरून तुलना करा. पैसे हप्त्यात द्या, शेवटचा हप्ता साइट चालू होऊन सगळी लॉगिन हातात आल्यावर.

अगदी कमी भाव असेल तर पेड थीमची, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार डिझाइनची, चोरीची कॉपी तर वापरत नाही ना हे सरळ विचारा. अशा कॉप्यांमध्ये बऱ्याचदा आत काहीतरी घुसवलेलं असतं आणि साइट हॅक झाली की बिझनेसचं नाव तुमचं जातं. बॅकअप किती दिवसांनी आणि कुठे ठेवतो, हे पण.

आधी छोटं काम द्या

दोघांवर गाडी अडली तर दोघांना एकेक पान करायला द्या, पैसे देऊन, फुकट नको. मग बघा कोण प्रश्न विचारतो. दादाच्या वेळी नंतर जी मुलगी निवडली तिने पहिल्याच फोनला विचारलं, पेटीत किती डझन, आंबा कच्चा पाठवता की आढीत पिकवून, वाटेत खराब झाला तर पैसे परत का, आणि हापूसला २०१८ ला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची सरकारी ओळख, मिळालंय तर तुमचा त्यातला नोंदणी क्रमांक आहे का, असेल तर पहिल्याच पानावर लावू. ऑनलाइन विकायचं म्हणजे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर धंद्याचं नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर लागतो हे पण तिनेच सांगितलं. तिचा भाव दुसऱ्यापेक्षा जास्त होता, तरी तिलाच दिलं.

काम झालं की शेवटचा चेक द्यायच्या आधी तिला, त्याला, जो असेल त्याला समोर बसवा आणि तुमच्या फोनवरून एकेका खात्यात स्वतः लॉगिन करा. डोमेन, होस्टिंग, ॲडमिन, पेमेंट. पासवर्ड तिथल्या तिथे बदला आणि वहीत लिहा. ओटीपी तुमच्याच फोनवर आला पाहिजे, एकही दुसऱ्याच्या नंबरवर गेला तर चेक खिशातच ठेवा आणि आधी तो नंबर बदलून घ्या.