बाळंतिणीच्या पाठीशी घर कसे उभे राहावे

अंगावर पाजणे हे एक काम सोडले, तर बाळाच्या संगोपनातले दुसरे कोणतेही काम आईखेरीज इतरांना करता येत नाही असे नाही. आई शांत व मायाळू राहावी असे वाटत असेल, तर घराने येथूनच आखणी सुरू करावी, आणि तीही सातव्या-आठव्या महिन्यातच. कारण पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या पद्धतीत बाळाचे वडील पुष्कळदा रविवारचे पाहुणे होऊन बसतात. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. इतरांनी साठलेली रजा या दिवसांसाठी राखून ठेवावी.

कामे नावानिशी वाटून घ्यावीत. ‘काही लागले तर सांग’ एवढेच म्हणणारे घर सांगण्याचे आणखी एक काम बाळंतिणीवर टाकते. लंगोट धुणे, बाळाची आंघोळ, दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसींच्या तारखा सांभाळणे ही कामे कोणाची, हे आधीच ठरलेले असावे. रात्र सर्वांत अवघड असते, कारण सुरुवातीला बाळ दर दोन-तीन तासांनी पिते. अशा वेळी एकाने बाळ आईजवळ आणून द्यावे आणि पाजून झाल्यावर ढेकर काढून निजवावे, म्हणजे आईची थोडी तरी झोप वाचते. बाळ पाहायला येणाऱ्यांना दुपारी येऊ नका असे सांगण्याचा वाईटपणा सासूबाईंनी किंवा आईने घ्यावा, सुनेवर किंवा लेकीवर सोडू नये.

जन्मानंतर तासाभरात पाजायला घ्यावे, पहिले घट्ट पिवळसर दूध टाकून देऊ नये, आणि सहा महिने पाणी, मध, घुटी यांपैकी काहीही देऊ नये; वर्षाच्या आतील बाळाला मध तर धोक्याचाच आहे. ‘हिला दूध पुरत नाही’ हे वाक्य घरात उच्चारण्यापूर्वी खात्री करावी: पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन नीट वाढत असेल, तर दूध पुरते आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी खुशाल करावी, मात्र त्यासाठी डाळी व फळे बंद करू नयेत, आणि बाळंतिणीचे पाणी तर मुळीच तोडू नये. बंद खोलीतली शेगडीची धुरी दोघांनाही अपायकारक आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे स्वाभाविक असून ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. उदासी त्याहून लांबली, किंवा बाळ झोपलेले असतानाही आईला झोप लागेनाशी झाली, तर ‘आम्ही नाही का मुले वाढवली’ असे न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत आणि तिला एकटे ठेवू नये.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्याच्या कक्षेतील आस्थापनांत नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा असते. रुजू होण्यापूर्वीच याविषयी लेखी विचारावे. रजेच्या शेवटच्या महिन्यात, आई घरात असतानाच, बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीने दिवसाचे काही तास पूर्णपणे हाती घ्यावेत आणि काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजण्याची सवय लावावी. असे दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात फ्रीजमध्ये २४ तास ठेवता येते.